संपादकांना पत्र लिहिणं हीसुद्धा डॉक्टरकीच

डॉक्टरांच्या बैठकांत आणि संमेलनांच्या चहापानात एक मत नेहमी कानावर येतं. संदर्भग्रंथ तज्ज्ञ लिहितात, तज्ज्ञच तपासतात. गल्लीत दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरने तो वाचावा, त्याबरहुकूम औषध द्यावं आणि पुढचा रुग्ण बोलवावा. ग्रंथात काही खटकलंच तर आपल्यापुरतं दुरुस्त करून घ्यावं. संपादकांना पत्रं लिहीत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. असं म्हणणाऱ्यांत पुष्कळ जण उत्तम शिक्षक आहेत, त्यांच्या हाताखाली डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या आहेत. म्हणूनच या मताचा प्रतिवाद करायला हवा. ते चुकीचं तर आहेच, पण विद्यार्थ्यांच्या मनात ते एकदा रुजलं की त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आधी हे पाहू, की संदर्भग्रंथ कोणाच्या जास्त कामाचा. हृदयरोगतज्ज्ञाला आपल्या विषयाची औषधं पाठ असतात. दिवसभर तो तीच देतो. फॅमिली डॉक्टरच्या खुर्चीसमोर मात्र सकाळी तापाचं मूल, मग सांधेदुखीची आजी, मग गरोदर बाई, मग मधुमेहाचा दुकानदार, मग अंगावर पित्त उठलेला कॉलेजातला मुलगा अशी रांग असते. सगळं डोक्यात ठेवणं कोणालाच जमत नाही. तो ग्रंथ उघडतो, मात्रा बघतो, दोन औषधं एकत्र चालतात का ते बघतो आणि मिटतो. त्या अर्ध्या मिनिटात मूळ संशोधन तपासायला त्याला सवड नसते. समोर छापलेली ओळ खरी आहे असं धरूनच त्याला चालावं लागतं. ग्रंथातल्या चुकीचा पहिला फटका त्याच्या रुग्णाला बसतो, आणि ती चूक पहिल्यांदा दिसण्याची शक्यताही त्यालाच असते. ज्याला ती दिसते त्यानेच बोलायचं नाही, असा नियम कोणत्या शहाणपणात बसतो?

इतिहास या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. ३१ डिसेंबर १९६० च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटं पत्र छापून आलं. लिहिणारे डॉ. लेस्ली फ्लॉरेन्स स्कॉटलंडमधल्या टरिफ या लहानशा गावात जनरल प्रॅक्टिस करत. झोपेसाठी थॅलिडोमाइड दिलेल्या आपल्या चार रुग्णांचे हातपाय बधिर होत आहेत, पेटके येत आहेत, चालताना तोल जातो आहे, असं त्यांना दिसलं होतं. हे रुग्ण दीड-दोन वर्षं ते औषध घेत होते. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला. डॉक्टरांनी निष्कर्ष ठोकून दिला नाही. दोष या औषधाचा असेल का, एवढंच विचारलं, आणि इतरांना असं काही आढळलं आहे का, अशी चौकशी केली. बस, एवढंच पत्र.

तेव्हा हे औषध युरोपात निर्धोक म्हणून मोठ्या प्रमाणावर विकलं जात होतं. अमेरिकेत विक्रीच्या परवान्यासाठी मेरेल कंपनीचा अर्ज सप्टेंबर १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनाकडे गेला होता आणि तो डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर होता. कंपनीचा तगादा सुरू होता. केल्सींचं कंपनीने दिलेल्या माहितीने आधीच समाधान झालं नव्हतं. १९६१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या वाचनात फ्लॉरेन्स यांचं पत्र आलं. मज्जातंतूंना इजा होत असेल तर ती माहिती आम्हाला का दिली नाही, असा प्रश्न त्यांनी कंपनीला विचारला. आणि पुढे, प्रौढाच्या नसांना जे अपाय करतं ते पोटातल्या गर्भाला काय करत असेल, हाही. कंपनीकडे उत्तर नव्हतं. वर्ष संपता संपता जर्मनीतून आणि ऑस्ट्रेलियातून व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या बातम्या आल्या. जगभरात अशी सुमारे दहा हजार बाळं जन्मली. अमेरिकेत नमुन्यादाखल वाटलेल्या गोळ्यांमुळे काही थोडी बाळं बाधित झाली, पण ते औषध तिथल्या दुकानांत पोचलं नाही. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सींचा सन्मान केला, आणि तो योग्यच होता. पण केल्सींच्या हातात जो ठोस धागा आला तो एका खेड्यातल्या फॅमिली डॉक्टरने संपादकांना लिहिलेल्या पत्रातून आला होता. चार रुग्णांवरून काय बोलायचं, मोठ्या माणसांचं संशोधन येऊ दे, असं म्हणून ते पत्र त्यांनी लिहिलंच नसतं तर?

यावर लगेच उत्तर येतं: चार रुग्णांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. बरोबर आहे. मीही तेच म्हणेन. पण पत्र हे पुरावा म्हणून लिहायचंच नसतं. पत्र म्हणजे प्रश्न, आणि प्रश्न विचारायला हजार रुग्णांचा अभ्यास लागत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागतो, आणि तो अभ्यास कोणी करावा हे प्रश्न विचारल्याशिवाय ठरतच नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती विरोधकांच्या बाजूने मांडली जाते. १६ डिसेंबर १९६१ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅक्ब्राइड यांचं थॅलिडोमाइड आणि जन्मजात व्यंगांबद्दलचं पत्र छापलं गेलं आणि ते जगप्रसिद्ध झाले. याच मॅक्ब्राइडना पुढे, दुसऱ्या एका औषधाबाबत, संशोधनातली माहिती फिरवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं आणि १९९३ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. यातून निघतं ते इतकंच, की पत्र लिहिणाऱ्याच्या नावावरून पत्र खरं किंवा खोटं ठरवू नये. त्यातली गोष्ट तपासावी. मग हा नियम दोन्हीकडून लागू होतो. मोठ्या नावाचं पत्र आंधळेपणाने मान्य करू नये. लहान गावातल्या डॉक्टरचं पत्र न वाचता बाजूला सारू नये.

आता थेट संदर्भग्रंथाचीच गोष्ट घेऊ. 'कॉक्रेन लायब्ररी' हा वैद्यकातल्या पुराव्यांचा जगातला सर्वांत प्रतिष्ठित संग्रह. उपलब्ध सगळ्या चाचण्या गोळा करून, तपासून, एका उपचाराबद्दल काय म्हणता येतं ते त्यात सांगितलेलं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ पासून तो भारतातल्या कोणालाही विनामूल्य वाचता येईल अशी व्यवस्था केली. या संग्रहात टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिव्हिर, या फ्लूवरच्या औषधाचा आढावा होता. औषधाने फ्लूनंतरचे न्यूमोनियासारखे गुंतागुंतीचे आजार कमी होतात, असं त्यात म्हटलं होतं. जगभरची सरकारं त्या औषधाचे साठे करत होती. एकट्या ब्रिटनने त्यावर सुमारे ४२ कोटी पौंड खर्च केले.

२००९ च्या जुलैमध्ये केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने या आढाव्याबद्दल संपादकांना लिहिलं. जपान तेव्हा टॅमिफ्लूचा सर्वांत मोठा ग्राहक होता, त्यामुळे त्यांना त्यात रस असणं स्वाभाविक. त्यांचं म्हणणं साधं होतं. गुंतागुंत कमी होते हा निष्कर्ष २००३ च्या एका लेखावर उभा आहे. त्या लेखात दहा चाचण्यांचे आकडे एकत्र केले आहेत. त्यांतल्या दोनच चाचण्या प्रसिद्ध झाल्या आहेत. उरलेल्या आठ कोणी पाहिलेल्या नाहीत. आणि लेखकांमध्ये औषध बनवणाऱ्या रोश कंपनीचे कर्मचारी आहेत. मग तुम्ही त्या आठ चाचण्यांवर विश्वास कशाच्या आधारे ठेवलात?

इथे कॉक्रेनच्या संपादकांचं कौतुक करायला हवं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे वाचकाचं पत्र आढाव्याच्या लेखकांकडे जातं आणि लेखकांना उत्तर द्यावंच लागतं. लेखकांचे प्रमुख टॉम जेफरसन उत्तर शोधायला बसले, आणि आपल्याकडे उत्तर नाही हे त्यांनी मान्य केलं. त्यांनी २००३ च्या लेखाच्या लेखकांकडे आकडे मागितले. त्या लेखकांनी कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीने गोपनीयतेचा करार पुढे केला. 'बीएमजे' या नियतकालिकाने हा पत्रव्यवहार जाहीर केला. २०१३ मध्ये अखेर रोशने चाचण्यांचे संपूर्ण अहवाल देऊ केले आणि एप्रिल २०१४ मध्ये नवा आढावा आला. प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ सात दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतो. मळमळ आणि उलट्या वाढतात. रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण घटतं याचा भरवशाचा पुरावा त्या चाचण्यांत नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या औषधाला मुख्य गटातून काढून पूरक गटात ठेवलं. अतिगंभीर रुग्णांत त्याचा उपयोग किती, यावर तज्ज्ञांचे मतभेद अजून आहेत, आणि ते असू द्यावेत. पण ते मतभेद आता उघड आकड्यांवर होतात.

पुण्याला ही गोष्ट दूरची वाटू नये. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा, बंद झालेल्या शाळा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं ज्यांनी पाहिली त्यांना तो महिना विसरता येणार नाही. टॅमिफ्लू तेव्हा सरकारी केंद्रांतूनच मिळत होतं आणि ते मिळालं की जीव वाचला अशी लोकांची समजूत होती. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी एक बालरोगतज्ज्ञ संपादकांना विचारत होता की हे तुम्ही कशावरून म्हणता. हायाशींनी स्वतःच्या रुग्णांच्या कहाण्या सांगितल्या नाहीत, भावनेला हात घातला नाही. संदर्भग्रंथ नीट वाचला, तळटीप पाहिली आणि वजाबाकी केली. संपादकांना लिहिलेलं पत्र किती दूर जाऊ शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण आपल्या घरचं उदाहरण त्याच तोलाचं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाने माणसं मरताना पाहिली. कोकणातला लाल विंचू चावला की घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरून माणूस जातो. लहान मुलं तर फार लवकर. पाठ्यपुस्तकांत या दंशाचं वर्णन त्रोटक होतं आणि उपचार उपयोगी पडत नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणांचा क्रम टिपला. त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली आला. मग प्राझोसिन या रक्तदाबावरच्या जुन्या, स्वस्त गोळीने विंचवाच्या विषाचा हृदयावरचा हल्ला थोपवता येतो हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखवलं, आणि ते जगापुढे आलं १९८६ मध्ये 'लॅन्सेट'च्या संपादकांना लिहिलेल्या एका पत्रातून. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण, जे आधी पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांची रीतसर चाचणीही प्रसिद्ध झाली, प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास आणखी लवकर बरं वाटतं हे दाखवणारी.

आता सांगा, लंडनमधला कोणता तज्ज्ञ हे सांगू शकला असता? त्याने लाल विंचू पाहिलेलाच नाही. विंचू महाड-पोलादपूरच्या दगडांखाली राहतो आणि त्याचा रुग्ण तिथल्या केंद्रात येतो. तिथल्या डॉक्टरने लिहिलं नाही तर ते ज्ञान जगातल्या कोणत्याच ग्रंथात येणार नाही. तज्ज्ञ लिहितात आणि आपण वाचतो, या व्यवस्थेत हे बसत नाही. कोकणातल्या त्या डॉक्टरला तज्ज्ञ कोणी म्हणत नव्हतं. त्यांचं लिखाण तपासून पाहिलं गेलं, आणि मग ते तज्ज्ञ ठरले.

सर्वांत जड आक्षेप आता घेतो. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पत्रांनी नुकसानही झालं आहे. १० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं. रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत व्यसन जडल्याची चारच उदाहरणं सापडली, असं त्यात होतं. हे रुग्ण रुग्णालयात, देखरेखीखाली होते; घरी महिनोन्महिने गोळ्या घेणारे नव्हते. पण पुढची अनेक वर्षं या पत्राचा दाखला देऊन सांगितलं गेलं की अशा औषधांचं व्यसन क्वचितच लागतं. ऑक्सिकॉन्टिन हे असंच वेदनाशामक बाजारात आल्यावर तर या दाखल्याचा वापर फारच वाढला. अमेरिकेत या औषधांनी लाखो कुटुंबांची धूळधाण केली. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा त्या पत्राचे ६०८ दाखले सापडले. बहुतेकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं आणि पाचांतल्या चारांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे लिहिलंच नव्हतं.

म्हणून पत्रं बंद करावीत का? पोर्टर आणि जिक यांनी जे लिहिलं ते त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपुरतं खरं होतं. दोष मूळ पाच वाक्यं न वाचता त्यांचा हवाला देणाऱ्यांचा होता, आणि त्या उताऱ्याखाली इशारा न लावणाऱ्या संपादकांचा. ३७ वर्षं एकाही वाचकाच्या पत्राने तो इशारा लावून घेतला नाही, हे खरं दुखणं आहे. कॅनडातल्या त्या संशोधकांनीही आपला हिशेब त्याच नियतकालिकात पत्र म्हणूनच लिहिला; त्यानंतर संपादकांनी १९८० च्या मजकुरावर टीप जोडली. एका पत्राचा गैरवापर दुसऱ्या पत्राने उघडा पाडला. पत्रव्यवहार आणखी असता तर हे पंधरा-वीस वर्षं आधी झालं असतं.

वाचक आणि संपादक यांच्यातला हा रस्ता बंद असला की काय होतं, याचं भीषण उदाहरण घराघरात पोचलेल्या एका पुस्तकाचं आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ मध्ये आलं आणि १९९८ मध्ये ते वारले तोवर त्याच्या पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या होत्या. १९५६ च्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला आला. कारण तर्कशुद्ध वाटावं असं होतं: उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल. तर्क चांगला होता, पण तो कोणी तपासला नव्हता. पालथं झोपवलेली बाळं झोपेतच दगावण्याचा धोका जास्त, हे १९७० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवरून कळू शकत होतं, असं २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तो पुरावा वेळीच एकत्र केला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टळले असते. ब्रिटनमध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम १९९१ मध्ये निघाली आणि अशा मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. स्पॉक हे लहान मुलांवर मनापासून प्रेम करणारे, विद्वान गृहस्थ होते. विद्वत्ता आणि सदिच्छा यांनी चूक अडत नाही. ती दाखवून द्यावी लागते.

आपल्यापुरतं दुरुस्त करून घेण्याच्या सल्ल्याबद्दल. आपले डॉक्टर हे रोज करतात, आणि त्यांना ते करावं लागतं हे मी जाणतो. अमेरिकन ग्रंथात मुलांसाठी पॅरासिटामॉलचा तक्ता मिलिलिटरमध्ये दिलेला असतो, तो ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम हे प्रमाण धरून. आपल्याकडे तेच औषध ५ मिलिलिटरला १२५ मिळतं, २५० चंही मिळतं, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या बाळाला एका वेळी दीडशे मिलिग्रॅम पुरे. चुकून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर पाचशे जातात. अनुभवी डॉक्टर हा हिशेब मनातल्या मनात बदलून घेतो. सर्पदंशाचंही तसंच. परदेशी ग्रंथ रॅटलस्नेकवर पानं खर्च करतात. आपला रुग्ण मण्याराने झोपेत दंश केलेला असतो, जखम दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं म्हणून तो येतो. जुन्या डॉक्टरला हे माहीत असतं. क्षयाच्या उपचारात आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची पद्धत २०१७ मध्ये आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मागे घेऊन रोजची मात्रा आणली. त्याआधी छापलेली पुस्तकं कपाटांत अजून आहेत.

आपण मनात दुरुस्ती केली, आपला रुग्ण वाचला. मग? शेजारच्या तालुक्यात गेल्याच महिन्यात दवाखाना उघडलेल्या मुलीला ही दुरुस्ती कोण सांगणार? ती तोच ग्रंथ उघडणार आहे. माहीत असून न सांगणं हे आपण इतर कोणत्याही बाबतीत क्षम्य मानत नाही. पूल खचलेला दिसला तर आपण वळसा घालून निघून जात नाही, मागच्याला हात करून थांबवतो.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. पण उपयोगी पत्र लांबलचक नसतं. कोणती आवृत्ती, कोणतं प्रकरण, नेमकं कोणतं वाक्य, त्यात काय चुकतं, आधार काय, त्याऐवजी काय लिहावं, आपला त्यात काही आर्थिक संबंध आहे का. रुग्णाचं नाव, गाव, ओळखू येईल असं काहीही नको. हे दहा ओळींत होतं. ज्यात नुसता संताप आहे, ज्यात अमक्या मित्राला गुण आला एवढंच आहे, किंवा जे एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीने लिहून दिलं आहे, असं पत्र संपादकांनी बाजूला ठेवलं तर तक्रार करू नये. आणि एक गोष्ट सर्वसामान्य वाचकांसाठी: संदर्भग्रंथाचे संपादक तुमचे डॉक्टर नव्हेत. आपला रिपोर्ट पाठवून गोळी विचारू नका, ते सांगू शकत नाहीत आणि त्यांनी सांगूही नये. मजकुरात चूक दिसली, समजायला अवघड वाटला, तुमच्या औषधाच्या बाटलीवरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा जुळला नाही, तर मात्र जरूर लिहा. त्यासाठी पदवी लागत नाही.

संपादकांकडून माझी मागणी तेवढीच स्पष्ट आहे. ग्रंथावर पत्ता छापा. आलेल्या पत्राला उत्तर द्या. मान्य असेल तर दुरुस्ती करा, नसेल तर कारण सांगा. दुरुस्ती गुपचूप करू नका. कोणत्या तारखेला काय बदललं ते नोंदवा, कारण आधीचं वाक्य वाचून कोणीतरी औषध दिलेलं असतं. आपल्याकडे घरगुती वैद्यकावरची मराठी पुस्तकं भरपूर खपतात, पण कित्येकांवर आवृत्तीत काय सुधारलं याचा उल्लेख नसतो आणि चूक कळवायची कुठे याचाही नाही. प्रकाशकांनी हे एका पानात करता येण्यासारखं आहे. डेव्हिड वर्नर यांचं 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' हे पुस्तक मेक्सिकोतल्या खेड्यांतून उभं राहिलं, ऐंशीहून अधिक भाषांत गेलं, आणि त्याने वाचकांकडून सूचना मागून घेतल्या. गरिबांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला जे परवडलं ते इतरांना का परवडू नये?

औषधाचा दुष्परिणाम दिसला तर आपल्या देशात सरकारी व्यवस्थाही आहे. २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून तो चालतो, त्याचा विनाशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णांनी स्वतः भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. थॅलिडोमाइडच्या धड्यानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये दुष्परिणाम कळवण्यासाठी पिवळ्या कार्डाची पद्धत आणली ती याच कारणासाठी. आपल्या दवाखान्यांत तो अर्ज क्वचितच भरला जातो. त्याचं कारणही तेच जुनं मत: आपण कोण सांगणारे.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याने वर्गात 'सर, हे पुस्तकात चुकलंय' असं म्हटलं तर त्याला खाली बसवू नका. त्याच्याबरोबर मूळ आधार शोधा, आणि त्याचं खरं निघालं तर त्याच्याकडून संपादकांना पत्र लिहून घ्या, त्याच्याच सहीने. आणि दवाखान्यात बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, तुमच्या ग्रंथाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या तुम्हाला माहीत आहेत. त्यांतली एक निवडा आणि या आठवड्यात संपादकांना पाठवा.